पासिंगपुरता फिल्टर

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

परवा फोनवर धाकट्याने सांगितलं की त्याने तिकडे एक जुनी डिझेल गाडी घेतली आहे, तिचा फिल्टर सारखा चोंदतो आणि तो काढून टाकणारा एक माणूस त्याला सापडला आहे. वर्षाच्या तपासणीला दुसरा फिल्टर तात्पुरता बसवून द्यायचा आणि नंतर काढून घ्यायचा, हेही तोच माणूस करतो म्हणे. मी विचारलं, "कुठला फिल्टर, धुराचा का?" तर तो हसला. "आजी, तुला नाही कळणार ते. सोड." मागून मोठीचंही हसणं ऐकू आलं.

मला कळतं. त्या वेळी बोलले नाही, कारण आजोबा शेजारी बसून जेवत होते आणि घाटातल्या त्या दिवसाचा विषय निघाला की ते ताट बाजूला सारतात. म्हणून लिहिते आहे, आणि धाकट्या, तू त्या माणसाकडे गाडी नेण्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून आजच लिहिते आहे. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीतही लिहिता आलं असतं आणि तुम्हाला ते सोपं गेलं असतं. पण आमच्या इकडच्या गाडीत जे बोलणं झालं ते इंग्रजीत येत नाही. अडलं तर आईला विचारा.

आजोबांचं डायलिसिस चालू आहे हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या हातावरची पट्टी तुम्ही व्हिडिओवर पाहिली आहे. आम्ही तिथवर जातो कसे, हे मात्र कधी बोलण्यात आलं नाही. पिंपळगाव राजाहून खामगाव जवळ, पण तिथे मशीनवर जागा मिळाली नाही. मिळाली ती बुलढाण्याला, म्हणजे घाटावर. मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी निघायचं, मोताळ्यावरून राजूर घाट चढायचा, चार तास मशीनवर, आणि दुपारी घाट उतरून परत. एक खेप चुकली की पायांवर सूज येते. पुढच्या खेपेपर्यंत छातीत पाणी भरतं आणि माणसाला आडवं होता येत नाही.

आम्हाला नेणारी गाडी म्हणजे पिवळ्या पाटीची, आठ माणसांची, पांढरी डिझेल गाडी. तिचा मालक आणि चालक एकच. शाळेत तो माझ्या वर्गात होता, शेवटच्या बाकावर. गावात त्याला सगळे भाऊ म्हणतात. तो मला अजून बाई म्हणतो आणि आजोबांना, ते कोर्टातून निवृत्त झाले म्हणून, साहेब. आजोबांना तो काखेत हात घालून उचलायचा आणि सीटवर असा बसवायचा, की सुईचा हात कशालाही लागू नये. माझ्या गुडघ्यांना ते काम झेपलं नसतं.

गाडीत आणखी दोन पेशंट होते. आमच्या बाजारातले टेलर, चाळिशीतले, एकटेच यायचे आणि वाटभर कोणाची ना कोणाची खोडी काढत राहायचे. आणि पुढच्या खेड्यातल्या मावशी, ज्यांनी सारा जन्म शेतात काढला होता. त्या सुनेच्या आधाराने गाडीत चढायच्या, चढल्यावर म्हणायच्या, "जय भीम बाई," आणि मी जय भीम म्हटल्यावर मगच बूड टेकायच्या. त्यांच्याकडे स्टीलची एक चपटी डबी असे. तिच्यात लिमलेटच्या गोळ्या. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, आणि घाट चढताना घसा कोरडा पडतो. पहिल्या वळणावर मावशी डबी उघडून एकेकाला एकेक गोळी द्यायच्या. पाण्याची बाटली गाडीत ठेवायचीच नाही, हा माझा नियम होता. समोर दिसली तर कोणीतरी पिणार, आणि एकाने प्यायली की बाकीच्यांना राहवणार नाही. सोबतची माणसंही पाणी दवाखान्यातच प्यायची. हा नियम सगळ्यांनी मान्य केला होता आणि तो काटेकोर पाळला जायचा.

ही गाडी बंद पडली असती तर तिघांची मशीन बंद पडली असती. आजोबांपुरती दुसरी व्यवस्था मी कशीबशी केली असती. टेलर धडपडत बसने गेले असते. मावशी घरीच राहिल्या असत्या.

आता फिल्टर चोंदला कसा ते सांगते. पेशंट मशीनवर असताना सोबतच्यांनी बसायचं कुठे? व्हरांड्यात उभं राहायलाही जागा नसे. मग मी आणि मावशींची सून गाडीत बसायचो. उन्हाळ्यात भाऊ एसी लावून द्यायचा, म्हणजे इंजिन चालूच. मी वर्तमानपत्र वाचायची, सून मेथी निवडायची, आणि गाडी लिंबाखाली चार तास जागच्या जागी घुरघुरत राहायची. पेशंट उतरून आले की त्यांनाही गार जागा मिळायची. सून म्हणायची, "बाई, आपली गाडी म्हंजे थंडं घर हाय." यात कोणाला काही वावगं दिसलं नाही.

एका मंगळवारी समोर पिवळा दिवा लागला. भाऊने कंपनीचं जाड पुस्तक खणातून काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"बाई, हे तुमचं खातं. काय लिवलं ते सांगा."

मी वाचून सांगितलं. धुरातली काजळी एका जाळीदार डब्यात अडकते. गाडी काही वेळ एका वेगाने पळाली की डबा तापतो आणि ती काजळी जळून जाते. उभ्या गाडीत जळत नाही, नुसती साचत जाते.

"म्हंजे आपन बसून राह्यतो म्हून हे साचून राह्यलं?"

"असंच दिसतं."

टेलर मागून म्हणाले, "घ्या. आमचे फिल्टर गेले म्हून आमी मशीनवर जाऊन राह्यलो, अन् आमच्यापायी याचा गेला. आता याले कोन्या मशीनवर नेतं बे?"

"गप बस रे," मावशी म्हणाल्या. "गाडीले नजर लावतं काय."

त्यानंतर भाऊ संध्याकाळी रिकामी गाडी हायवेवर पळवून आणू लागला. दिवा विझायचा. पण वैशाखाचं ऊन वाढलं तसे आम्ही पुन्हा एसीत बसू लागलो. "बसा न बाई, मी आनतो पळवून," तो म्हणायचा, आणि मग लग्नाचं भाडं आलं की पळवायचं राहून जायचं. शेवटी दिवा लाल झाला. घाटात गाडी ओढेना. अकोल्याच्या शोरूमने सांगितलं की फिल्टर नवा टाकावा लागेल. किंमत ऐकून तो समोर आलेला चहाही न घेता उठला, असं त्याने स्वतःच सांगितलं.

दोन दिवसांनी गाडी आली ती जोरात. सगळे बसल्यावर भाऊने आपणहून खुलासा केला.

"डबा तसाच हाय. आतलं समदं मटेरियल काढून टाकलं अन् वरून वेल्डिंग मारली. अन् लॅपटॉप लावून तो दिवाच बंद केला. आता लागनारच नाही."

आजोबा म्हणाले, "दिवा बंद केला म्हणजे आजार गेला का रे?"

"साहेब, गाडी पाहा न कशी पळते."

पळत होती, हे खरं. पण सकाळी भाऊ ती आमच्या फाटकाशी मागे घ्यायचा, तिथे कंपाउंडच्या पांढऱ्या भिंतीवर ताटाएवढा काळा डाग उमटला. मी तो घासला, चुना मारला, पुन्हा उमटला. दोरीवरच्या आजोबांच्या शर्टांवर काळे कण बसू लागले. दवाखान्यापुढे गाडी उभी असली की मावशींना ठसका लागायचा. त्या नाकाला पदर लावायच्या. मी भाऊला सांगून गाडी दूर, कुंपणापाशी उभी करवली. तेवढं केलं आणि आम्ही गप्प राहिलो, कारण गाडी वेळेवर पोचत होती.

मग पासिंग आलं. पिवळ्या पाटीच्या गाडीला ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते, तिला इकडे पासिंग म्हणतात. पासिंग नसेल तर गाडीत माणसं बसवता येत नाहीत. पूर्वी जवळच्या गावी कॅम्प लागायचा. दिवे, वायपर, हॉर्न पाहिले की झालं. आता बुलढाण्याला शेडमध्ये यंत्रं आली होती. सायलेन्सरमध्ये नळी घालतात, अॅक्सिलरेटर दाबायला लावतात, आणि धुराचा आकडा पडद्यावर येतो. गाडी खड्ड्यावर घेऊन खालूनही पाहतात.

"पासिंगवाल्या साहेबाले हात जोडता येते बाई," भाऊ म्हणाला. "मशीनले कुठं हात जोडू?"

पण त्याला तोड मिळाली होती. खामगावच्या एका गॅरेजमध्ये त्याच कंपनीचा एक धड फिल्टर होता, फक्त पासिंगपुरता. तो सकाळी गाडीला बसवायचा, तपासणी करून यायचं, संध्याकाळी उतरवून परत द्यायचा. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या गाडीवर. अशा कितीतरी गाड्या त्या गॅरेजवाल्याने पास करून दिल्या होत्या. भाऊने अग्निशामक नळकांडं शाळेच्या गाडीवरून मागून आणलं, प्रथमोपचाराची पेटी मेव्हण्याकडून, आणि बंपरला रेडियमची नवी पट्टी लावली.

आजोबांनी एवढंच विचारलं, "त्या डब्यातली काजळी कोण जाळतं?"

"एका दिवसाचं काम हाय साहेब. एका दिवसात काय होते?"

तपासणी मंगळवारी होती. सोमवारी गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून पोकळ डबा उतरवून ठेवला, आणि तो पासिंगचा फिल्टर दुसऱ्या गाडीवरून सुटून आलाच नाही. गाडी तशीच लटकून राहिली. लग्नसराईत दुसरी गाडी मिळेना. मंगळवारी टेलर बसने गेले. आजोबांची आणि मावशींची खेप बुडाली. फिल्टर आला बुधवारी, आणि तपासणीची नवी वेळ मिळाली शुक्रवारची, म्हणजे पुन्हा मशीनच्याच दिवशी. ठरलं असं की आम्हाला दवाखान्यात सोडून भाऊ शेडमध्ये जाईल.

शुक्रवारी सकाळी आजोबांच्या पायात चप्पल शिरली नाही. आदल्या रात्री ते भिंतीला उशी लावून बसूनच होते. मावशी गाडीत चढल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुगलेला होता, तरी "जय भीम बाई" म्हणाल्या, आणि मग पुढची वाटभर बोलल्या नाहीत. श्वासाचाच आवाज येत होता. एकाचा नव्हे, दोघांचा. मी खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

मोताळ्यापर्यंत गाडी बरी चालली. घाट लागला आणि तिचा दम गेला. भाऊ पहिल्या गेअरवर आला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी माणूस चालतो त्या वेगाने चढत होती. मागच्या ट्रकने हॉर्न लावून धरला.

"उतरून ढकलू काय बे?" टेलर म्हणाले.

भाऊ समोर पाहत गाडी रेटत होता. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. मावशींनी सवयीने डबी काढली, पण झाकण त्यांना उघडेना. सुनेने उघडून दिलं. जळका वास यायला लागला होता. मला वाटलं क्लच असेल. पायाखाली रबराची चटई गरम लागत होती. मी पाय उचलून घेतले आणि आजोबांचे सुजलेले पाय हाताने उचलून माझ्या पिशवीवर ठेवले.

एका वळणावर रस्ता थोडा रुंद होता. ट्रकला वाट द्यायला भाऊने गाडी डावीकडे, झाडांच्या बाजूला घेतली आणि थांबवली. इंजिन चालू ठेवलं, बंद केलं तर पुन्हा चालू होणार नाही या भीतीने. तिथे सागाच्या वाळलेल्या पानांचा घोट्याएवढा थर होता.

नंतर शोरूमच्या मिस्त्रीने समजावलं ते इथेच सांगते, म्हणजे कळेल. तो फिल्टर गाडीगाडीवर एकेक दिवस बसत होता आणि प्रत्येकीची काजळी घेऊन पुढे जात होता. ती जाळायचं काम गाडीच्या कॉम्प्युटरचं, आणि आमच्या गाडीच्या कॉम्प्युटरला फिल्टरचं नावही घ्यायचं नाही असं शिकवलेलं होतं. घाटाच्या चढाने डबा इतका तापला की साचलेल्या काजळीने आपणहून पेट घेतला. गाडी चालती असती तर धुराच्या झोताबरोबर उष्णता निघून गेली असती. आम्ही थांबलो आणि ती आतच कोंडली.

आधी खिडकीच्या खालून बारीक धूर वर आला. सून म्हणाली, "भाऊ, पानं जळून राह्यली."

भाऊ उडी मारून उतरला, वाकून खाली पाहिलं, आणि त्याचा आवाजच बदलला. "उतरा. समदे उतरा. सामान राहू द्या."

त्याने इंजिन बंद केलं, आजोबांना खांद्यावर घेतलं आणि रस्त्याच्या पलीकडे, कठड्यापाशी नेऊन टेकवलं. टेलर स्वतः उतरले आणि सुनेबरोबर मावशींना ओढू लागले. मावशींचं लुगडं दाराच्या कडीत अडकलं. पानांमधली आग आता दिसत होती, उन्हात फिकट, पण तिचा आवाज येत होता. मी वाकून लुगडं सोडवत होते. भाऊ परत आला, त्याने एका झटक्यात ते फाडलं आणि मावशींना उचललं.

"पानी," तो म्हणाला. "पानी द्या कोनीतरी."

गाडीत पाण्याचा थेंब नव्हता. माझा नियम होता ना.

त्याने शाळेच्या गाडीचं नळकांडं काढलं. पिन निघेना. टेलरनी दाताने ओढली. पांढरी पूड भसकन बाहेर आली, अर्धी आगीवर आणि अर्धी टेलरच्या अंगावर, आणि संपली. आग बसली, पण पानांच्या खालून धुमसत राहिली. सून आणि मी हातांनी माती लोटत होतो. तेवढ्यात मागून बुलढाण्याची एसटी आली आणि थांबली. कंडक्टर उतरला, माणसं उतरली, आणि ज्याच्या त्याच्या हातात बाटली होती. बाटल्या रित्या होत गेल्या. गाडीखालून वाफेचा ढग निघाला. पिठासारखे पांढरे झालेले टेलर कठड्यावर बसून ते पाहत होते.

"एवढं पानी पाहूनच माहा घसा सुकला," ते म्हणाले. कंडक्टरला हसू आलं. आम्हाला कोणालाच आलं नाही.

मी कंडक्टरला सांगितलं की हे तिघे डायलिसिसचे आहेत आणि दोघांची मंगळवारची खेप बुडालेली आहे. तो बसच्या दाराशी गेला. वर पाहून ओरडला, "पुढच्या सीटा खाली करा. उभे असनारे मागं सरा बरं." भाऊने आजोबांना पायऱ्यांवरून वर चढवलं. मग मावशींना. "मावशी, मान टाका माह्या खांद्यावर," तो म्हणाला, आणि त्यांच्या पांढऱ्या केसांना त्याच्या हातांची काळी बोटं लागली. तो स्वतः आला नाही. बस निघाली तेव्हा तो गाडीपासून लांब, रस्त्याच्या मधोमध उभा होता.

आम्ही वेळेत पोचलो. आजोबा मशीनवर गेले आणि तासाभराने त्यांचा श्वास नीट चालू लागला. मावशींना आधी ऑक्सिजन लावावा लागला. तपासणीची वेळ अर्थातच गेली. दुपारी भाऊ कोणाच्या तरी ट्रकवर बसून दवाखान्यात आला. व्हरांड्याच्या पायरीवर माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, "बाई, डबा लाल झालता. मी खाली वाकून पाह्यला. त्याच्यावरच साहेबाचे पाय होते."

धाकट्या, हे तुझ्यासाठी. तो डबा गाडीच्या पोटाशी असतो. वर कोणाचे ना कोणाचे पाय असतात.

त्यानंतर गाडी भाऊच्या घरामागे उभी राहिली. ना फिल्टर, ना पासिंग. मंगळवारी आणि शुक्रवारी तो सकाळी पायी आमच्या फाटकाशी यायचा, आजोबांना धरून स्टँडवर न्यायचा, बसमध्ये चढवायचा आणि आमच्याबरोबर बुलढाण्याला यायचा. परत येताना तसंच. भाड्याचं काम करणारा माणूस आमच्यासोबत तिकीट काढून बसायचा. मी नको म्हटलं की म्हणायचा, "घरी बसून काय करू, गाडीले पाहत बसू?"

पण मावशींच्या खेड्यातून सकाळची बसच नव्हती. त्यांना आधी मोटरसायकलवर मध्ये बसवून आमच्या गावापर्यंत आणावं लागायचं, मागे सून त्यांना धरून. काही शुक्रवारी त्या आल्या. एका मंगळवारी स्टँडपर्यंत आल्या आणि बसच्या पायऱ्यांकडे पाहून म्हणाल्या, "आज राहू द्या." भाऊने उचलून नेतो म्हटलं, तर त्याच्या हातावर हात ठेवून नाही म्हणाल्या. परत फिरताना त्यांनी डबी माझ्या हातात दिली. "घाटात देजो त्याइले." मग त्या आल्याच नाहीत. मी सुनेला फोन केला, गाडी ठरवून पाठवते म्हटलं. ती म्हणाली, "बाई, बुढी नाहीच म्हनते. पुरे झालं म्हनते."

आषाढात त्या गेल्या. आम्ही तिघे घरच्यांना भेटायला गेलो, आजोबा, टेलर आणि मी. भाऊनेच कोणाची तरी गाडी मागून आणली होती. अंगणात तो गाडीशीच उभा राहिला. आतून सून बाहेर आली, त्याच्याकडे गेली.

"काऊन उभे आहा भाऊ? आत या. चहा ठेवला."

तो आत आला, दाराजवळ बसला. चहा घेतला.

नवा फिल्टर त्याने श्रावणात टाकला. त्याचे पैसे त्याने कुठून आणले ते मला अजून माहीत नाही. शोरूमवाल्यांनी गाडीचा कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यासारखा करून दिला, दिव्यासकट. पासिंगला जाताना तो म्हणाला, "बाई, तुमी या सोबत." आजोबा आणि टेलर मशीनवर होते, त्यामुळे मी गेले.

शेडमध्ये गाड्यांची रांग होती. आमच्या पुढची गाडी नापास झाली आणि तिचा मालक फोनवर कोणाला तरी शिव्या देत बाहेर गेला. आमची गाडी खड्ड्यावर गेली. खालून एकाने बॅटरी मारून सगळं पाहिलं. डब्यापाशी त्याची बॅटरी थांबली. तिथेच राहिली. भाऊ माझ्याकडे पाहत नव्हता, मीही त्याच्याकडे पाहत नव्हते. मग उजेड पुढे सरकला. सायलेन्सरमध्ये नळी घातली. कॉम्प्युटरवर बसलेला तरुण म्हणाला, "दाबा. पूर्ण दाबा. सोडा. पुन्हा." भाऊने दाबलं. मला वास येईल असं वाटत होतं, पायाखाली गरम होईल असं वाटत होतं. मी सिमेंटच्या जमिनीवर उभी होते, तरी पाय उचलावेसे वाटले. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"पास," तो तरुण पडद्यावरून मान न काढता म्हणाला. "पुढची गाडी घ्या."

भाऊ हसला नाही. गाडी बाहेर काढून माझ्यासाठी दार उघडलं. "चला बाई. साहेबाची वेळ झाली."

आता मशीनचे चार तास गाडी बंद असते. मी लिंबाखाली घडीची खुर्ची टाकून बसते. ऊन लागतं, पण चालतं. पिवळा दिवा लागला की भाऊ त्याच संध्याकाळी गाडी हायवेला नेतो, भाडं असलं तरी. पाण्याचा एक कॅन गाडीच्या अगदी मागे, कुलपात असतो, आणि किल्ली माझ्याकडे.

भिंतीवरचा डाग दोनदा चुना देऊनही ओल्या दिवसांत थोडा दिसतो. आजोबा आहेत, टेलर आहेत, गाडी आहे, तिचा फिल्टर जागेवर आहे. मावशींची डबी पुढच्या खणात, कंपनीच्या पुस्तकाजवळ असते. लिमलेटच्या गोळ्या संपल्या की टेलर ती भरून ठेवतात.